रुसलेल्याकडे बघून वाजव

मी चौथीतून शाळा सोडली आणि पन्नाशी उलटल्यावर शाळेनेच मला बोलावून घेतलं. क्लॅरिनेट शिकवायला. हे मी आजही छाती पुढे काढून सांगतो. कुणाला खटकत असेल तर खटको.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. नेरुळकडच्या एका शाळेने बँड काढला होता. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, सगळी फुंकायची वाद्यं. शिकवायला पोलीस बँडातून निवृत्त झालेले मास्तर. पोरं कागद बघून बिनचूक वाजवायची, पण ऐकणाऱ्याला जांभई यायची. मास्तरांनाच ते डाचत होतं. म्हणून स्नेहसंमेलनाला त्यांनी लग्नाच्या बँडातले आम्ही चौघे पोरांच्या मध्ये बसवले. मी करावे गावचा, हळदीत वाजवून ओठ तयार झालेला. कागदावरचे ते काळे ठिपके मला आजही वाचता येत नाहीत. एकदा ऐकलं की झालं.

माझ्या शेजारी नववीतली एक मुलगी. मूळ साताऱ्याकडची, वडील वाशीच्या मार्केटात माथाडी. एका जागी सगळा बँड थांबायचा आणि छोटा तुकडा ती एकटीच वाजवायची. सूर पक्का, दम पक्का, पण रेडिओवर वेळ सांगतात तसा कोरडा.

मास्तर मला बाजूला घेऊन म्हणाले, "दादा, हिच्याने रंग भरत नाही. तो तुकडा तुम्हीच वाजवा."

खोटं का बोलू, गुदगुल्या झाल्या. पण मुलगी मागेच उभी होती. रडली नाही, कोरडी क्लॅरिनेट पुन्हा पुन्हा पुसत राहिली. माझं डोकं फिरलं.

"मास्तर, तुकडा हीच वाजवनार. नायतर मीपन नाय."

"ठीक आहे. पण अडकली तर तुम्ही उचलायचा."

मी तिला विचारलं, "वाजवताना कुठं बघतेस?"

"कागदाकडे."

"कागद नाचतो काय?"

ती हसली. मग मी तिला आमचं काम सांगितलं. हळदीच्या मांडवात नाचणारे नाचतातच, त्यांच्यासाठी बँडवाला लागत नाही. पण मानपानावरून एखादा मामा रुसून खुर्चीत बसलेला असतो. त्याला हेरायचं. समोर उभं राहून, त्याच्या डोळ्यांत बघून सूर धरून ठेवायचा. तो जरा हलला की मगच पुढे जायचं.

"आणि काका, मामा उठलाच नाही तर?"

"माज्यापुढं बसून राहनारा मामा अजून जन्मला नाय."

मग काय, रोज मधल्या सुट्टीत कुणीतरी रुसलेला मामा व्हायचं. आमचा ट्रम्पेटवाला तर असा रुसला, म्हणे, "मला पत्रिकाच नाय दिली." पोरं हसून लोळायची. बाकीचेही कागदावरून मान वर काढायला लागले. वर्गात नुसती धमाल. मला मात्र उलटीच सवय लागली. पोरांबरोबर मीही मनात मात्रा मोजायला लागलो.

संमेलनाला हॉल भरलेला. तुकडा आला. बँड थांबला, मुलीने मान वर केली आणि सरळ मास्तरांकडे बघितलं. तिचा रुसलेला मामा तेच होते. सुरुवात झाली आणि माझ्या अंगावर काटा आला. शेवटचा सूर तिने धरला तो सोडेचना. माझ्या मात्रा संपल्या. मी सवयीने फुंकलं.

चुकीच्या जागी, एकटाच. लोकांना वाटलं असणार, पोरगी अडकली, म्हाताऱ्याने उचललं. पण तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सूर तसाच धरलेला, डोळे मास्तरांवर. मास्तरांची ठेका द्यायची काठी हवेत. मग त्यांची मान हळूच डोलली, हसू फुटलं, आणि तेव्हा कुठे ती पुढे गेली. मागोमाग सगळा बँड असा उसळला की पुढच्या रांगेतले साहेब टाळ्यांचा ठेका धरून बसले.

खाली उतरल्यावर मी तिला म्हटलं, "माजं चुकलं." हे शब्द मी बायकोलाही कधी ऐकवले नव्हते.

ती म्हणाली, "काका, तुम्ही फुंकलंत तरी मी थांबले नाही. राग आला का?"

राग कसला. मी घरापर्यंत तिचा तुकडा शिट्टीवर वाजवत गेलो. तिच्याइतका लांब सूर काही मला धरता आला नाही.