ताईची वामकुक्षी आणि माझी वही

वैद्यकशास्त्राचा गंध नसताना आणि स्वतः अविवाहित असताना गरोदरपणातल्या जळजळीवर लिहायला बसले आहे... या आगाऊपणाबद्दल आधीच क्षमा मागते. एरवी मी या संकेतस्थळावर इतरांचे वाचून गुपचूप निघून जाणारी. पण आज ताईनेच लिहायला बसवले आहे, तेव्हा निम्मा दोष तिचा.

ताई, म्हणजे माझी मोठी बहीण, पहिल्या बाळंतपणासाठी नाशिकला माहेरी आली आहे. आठवा महिना. आली तेव्हा चेहरा छान उजळलेला होता, पण आठवड्याभरातच तिचे जेवण अर्ध्या पोळीवर आले. चार घास पोटात गेले की छातीच्या मधोमध आग, घशाशी आंबट पाणी... तपासणीत वजनाचा काटाही जिथल्या तिथे. "पुढच्या वेळी वजन वाढलेलं दिसलं पाहिजे हं," असे डॉक्टरबाईंनी बजावले होते.

आई धास्तावली आणि तिने ताटातले पदार्थ वाढवले. "दोन जिवांची आहेस, दोघांचं खा," म्हणत वरणावर तुपाची धार, शेवटी तळलेली कुरडई. हरसूलहून नागलीचे, म्हणजे नाचणीचे, पीठ घेऊन आलेली मावशी मात्र निवांत होती. "जळजळतंय ना? मंग लेकराला जावळ लय हाय. घाबरायचं नाय!"

"मावशी, मग आतापासूनच न्हावी सांगून ठेव," ताई छाती चोळत म्हणाली.

मी काय केले? मी गरोदरपणावरचे एक पुस्तक उघडले. गरोदर स्त्रीने डाव्या कुशीवर झोपणे उत्तम, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. आमचे बाबा तर वर्षानुवर्षे जेवणानंतर वामकुक्षी घेत आले आहेत... वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. शास्त्र आणि परंपरा यांचा इतका सुंदर मेळ पाहून मला कोण आनंद झाला!

त्या दिवसापासून ताईने हात धुतले की मी चटई अंथरून तयार. "अगं मने, घास तरी खाली उतरू दे," ती कुरकुरायची. पण शाळेत कायम पहिली आलेल्या मुलीचा छापील ओळीवर फार विश्वास असतो...

शिवाय मी एक वही सुरू केली. विज्ञानाच्या प्रयोगवहीसारखे रकाने आखले... वेळ, कृती, त्रास. शेवटचा रकाना 'अनुमान'. तो मात्र रोज कोराच राहायचा.

पंधरा दिवसांपूर्वी पुन्हा तपासणीला निघालो. रिक्षा द्वारकेच्या चौकात अडकली होती. हॉर्नच्या गोंगाटात ताईने हळूच विचारले, "याही वेळी वजन वाढलं नसेल तर गं? बाळाला काही होणार नाही ना?" मी मांडीवरची वही नुसती घट्ट धरली.

वजन वाढले नव्हते. बाळ व्यवस्थित होते, पण ताईचे डोळे भरून आले. केव्हा खातेस, केव्हा जळजळते, या प्रश्नांवर ती गोंधळली आणि आई भलतेच काही सांगू लागली. परक्या माणसांसमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही... मी वहीच पुढे केली.

डॉक्टरबाईंनी चष्मा वर सरकवून मोठ्याने वाचले. "एक वाजता जेवण. एक वाजून पाच मिनिटांनी वामकुक्षी. एक पंचवीसला जळजळ..." पान उलटले. पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या पानावरही तेच. "ही वामकुक्षी कोणाची आज्ञा?"

"माझी," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

"तरी मी हिला सांगत होते," आई लगेच म्हणाली. मुळीच सांगत नव्हती...

"आणि दोघांचं जेवण कोण वाढतं?" डॉक्टरबाईंनी विचारले. आई भिंतीवरचे कॅलेंडर पाहू लागली.

मग त्यांनी समजावून सांगितले. अन्ननलिका आणि जठर यांच्यामध्ये एक झडप असते. गरोदरपणात शरीरातल्या बदलांमुळे ती सैल पडते, त्यात वाढते बाळ खालून जठर दाबते. अशात पोटभर तेलकट-तिखट खाऊन आडवे झाले, की आम्ल वर येणारच! "कूस बरोबर आहे, वेळ चुकली," त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या. जेवणानंतर निदान दोन-तीन तास आडवे व्हायचे नाही, थोडे थोडे पाच-सहा वेळा खायचे, आणि झोपताना उशाकडची बाजू उंच ठेवायची.

एक पातळ औषधही दिले. ते आणि लोहाची गोळी यांत काही तासांचे अंतर ठेवायचे, खायचा सोडा पाण्यात घालून घ्यायचा नाही, आणि कोणतेही औषध स्वतःच्या मनाने सुरू करायचे नाही. पोटाच्या वरच्या भागात जोराची कळ, डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी, यांतले काहीही झाले तर त्याला जळजळ न समजता तडक दवाखाना गाठायचा... हे मुद्दाम लिहिते आहे.

परतताना मी रडकुंडीला आले होते. बहिणीला रोज मीच आजारी पाडत होते! ताईने माझ्या हातातली वही घेतली, पर्समधून पेन काढले आणि कोऱ्या रकान्यात लिहिले... 'अनुमान : बहीण हुशार आहे. चटई गुंडाळावी.'

काल ताईचे वजन चांगले दीड किलोने वाढलेले निघाले. जळजळ पूर्ण थांबलेली नाही, अधूनमधून होते, पण ती आता जेवणाला भीत नाही. जावळाचा निकाल पुढच्या महिन्यात... मावशीने पैज लावली आहे.

आता ती शेजारी खुर्चीत बसून नागलीची उरलेली अर्धी भाकरी ताकाबरोबर खाऊ का, असे विचारते आहे. एकच्या जेवणाला दोन तास व्हायचे आहेत आणि आत्ता काही खाल्ले तर आडवे होणे आणखी लांबेल, म्हणून मी घड्याळ पाहून "थांब" म्हणते. पूर्वीच्या वामकुक्षीच्या वेळेत मी तिला रोज काहीतरी वाचून दाखवते, आज हेच दाखवले. आडवे व्हायला तिला अजून पंचवीस मिनिटे अवकाश आहे, आणि इतकी सुखाची पंचवीस मिनिटे माझ्या वहीत यापूर्वी नोंदलेली नाहीत.

मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५, दुपारचे दोन वाजून पस्तीस मिनिटे.