लिफ्टपाशी सांगायचं वाक्य

माझ्या ताईचा नवरा हॉस्पिटलात वॉर्डबॉय. वय सत्तावन्न, डोक्यावर केस मोजून आठ, तरी बॉय. मी त्यांच्याच घरात खालच्या खोलीत शिवणाचं मशीन टाकून राहते, त्यामुळे चिडवायचा हक्क माझा. बॉय म्हटलं की भाऊजी म्हणायचे, रिटायर झालो की मोठा होईन. काम एकच. पेशंटला वॉर्डातून स्ट्रेचरवर घ्यायचं, लांबलचक कॉरिडॉर ओलांडायचा, लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर न्यायचं आणि ऑपरेशन थिएटरच्या दारात सोडायचं. दाराच्या आत जायची त्यांना परवानगी नाही.

त्यांच्या हाताला गुण आहे असं सगळे म्हणायचे. खरं तर जिभेला. लिफ्टपाशी आलं की ते वाकून पेशंटच्या कानात सांगायचे, "तुमच्यासाठी आज सकाळीच प्रार्थना केलीय मी. निर्धास्त जा." बस, एवढंच. नोकरीला लागले तेव्हा एक म्हातारा स्ट्रेचरवर लटलट कापत होता. त्याला गप्प करायला काहीतरी बोलायचं म्हणून हे बोलले, आणि वर गेल्यावर त्याचं प्रेशर चक्क नॉर्मल निघालं. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी पुढे हे बरोबर हेरलं. पेशंट घाबरट असला की त्या भाऊजींनाच बोलावून घ्यायच्या. गोळीने उतरत नाही ते याच्या दोन शब्दांनी उतरतं, असं म्हणायच्या. हल्ली त्याच बाई तक्रार करतात की तुझे पेशंट आता घाबरलेले येतात. कारण भाऊजी ते वाक्य बोलतच नाहीत.

आता खरं सांगते. या माणसाने जन्मात कधी प्रार्थना केली नव्हती. देवाचा विषय निघाला की जांभई द्यायचे. जेवायला बसलं की त्याच वाक्याची नक्कल करून दाखवायचे, आवाज खोल, डोळे अर्धे मिटलेले, हात छातीवर. आम्ही पोट धरधरून हसायचो. सगळ्यात जास्त ताई. आणि ताई भाविक होती बरं का! रोज सकाळी चहाच्या आधी खिडकीपाशी खुर्ची ओढून दहा मिनिटं डोळे मिटून बसायची. तेवढी दहा मिनिटं घरात कुणी भांडं वाजवायचं नाही. लोकांना फसवता हे चांगलं नाही, असं ती भाऊजींना म्हणायची आणि परत हसायची. मीही हसायचे.

गेल्या वर्षी ताईच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन त्याच हॉस्पिटलात, त्याच डॉक्टरीणबाई, आणि स्ट्रेचर ढकलायला भाऊजी. दारात प्रेशर मोजलं तर एकशे नव्वद. एवढ्या प्रेशरला भूल देता येत नाही म्हणून परत पाठवलं. गोळ्या वाढवल्या, तीन आठवड्यांनी पुन्हा नेलं. या वेळी दोनशे. घरी बरं असायचं, त्या कॉरिडॉरमध्ये शिरलं की चढायचं. बाईंनी भाऊजींना बाजूला घेऊन चांगलंच सुनावलं. गाठ आपल्यासाठी थांबून राहत नाही, साऱ्या जगाला शांत करतोस तर बायकोलाही कर.

मी ताईला फैलावर घेतलं. सकाळी बसतेस ना रोज, मग धीर कसा येत नाही, विचारलं. ती उशीचा अभ्रा सारखा करत बसली होती. म्हणाली, बसणं बंद आहे, गाठ निघाली तेव्हापासून.

"डोळे मिटले की यांचा तो आवाज येतो गं. नकलेतला. प्रार्थना करायला जाते आणि मला हसू फुटतं. मग भीती वाटते."

जे तिला रोज उभं करत होतं ते आम्ही हसून हसून नासवलं होतं. मी तडक हॉस्पिटलात गेले, मागच्या जिन्यात भाऊजींना गाठलं आणि तोंडाला येईल ते बोलले. ते हातातल्या चादरीची घडी मोडत होते, पुन्हा घालत होते.

तिसऱ्यांदा नेलं तेव्हा मी स्ट्रेचरच्या बाजूने चालत होते. लिफ्टपाशी आलो. ताईचे ओठ पांढरे पडले होते.

"मलाही सांगा ना ते," ती म्हणाली. "सगळ्यांना सांगता."

"तुला नाही सांगणार."

"का?"

"खोटं असतं ते, तुला ठाऊक आहे. तुला मी खोटं नाही सांगायचा. आता नाही, नंतरही नाही." लिफ्ट आली, ती त्यांनी जाऊ दिली. मग खाली मान घालून विचारलं, "तू कसं करतेस? मला दाखव."

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली की त्यात बोलायचं काही नसतं. श्वास सोडायचा आणि ज्याची काळजी वाटते त्याचं नाव मनात घ्यायचं. भाऊजींनी स्ट्रेचरचा कठडा धरला, डोळे मिटले आणि तिचं नाव घेतलं. मनात घ्यायचं तर मोठ्याने घेतलं, वेंधळे कुठले! लग्नाला एकतीस वर्षं झाली, 'अगं'शिवाय त्यांच्या तोंडून मी काही ऐकलं नव्हतं. ताईनेही डोळे मिटले. हसली नाही. आणखी दोन लिफ्ट गेल्या.

वर प्रेशर एकशे अठ्ठेचाळीस. भूल देतोय म्हणून आतून निरोप आला. चार तास तरी लागतील असं सांगितलेलं, म्हणून मी बाकावर पाय वर घेऊन बसले.

पंचवीस मिनिटांत दार उघडलं. देव पावला, किती लवकर झालं, असं म्हणत मी उठले. भाऊजी भिंतीला टेकून हळूहळू फरशीवर बसले. असे लवकर परत आलेले पेशंट त्यांनी चौतीस वर्षांत पुष्कळ खाली नेले होते. पोट उघडलं, गाठ सगळीकडे पसरलेली दिसली, पोट परत शिवलं. पहिल्याच खेपेला ऑपरेशन झालं असतं तर, असं मी सर्जनना विचारलं. सांगता येत नाही म्हणाले, पण माझ्याकडे बघितलं नाही. ताई त्यानंतर अकरा आठवडे होती.

दुपारी ती नीट शुद्धीवर आली. सगळं छान झालं म्हणायचं, असं मी पक्कं ठरवून बसले होते. तिने मला विचारलंच नाही. नवऱ्याकडे मान वळवली.

"किती वेळ लागला?"

एवढी वर्षं तीही त्यांच्या हॉस्पिटलच्या गप्पा ऐकत जेवली होती. मोठं ऑपरेशन झटपट आटोपलं की त्याचा अर्थ काय, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मी भाऊजींना डोळ्यांनी खुणावत होते. इतक्या परक्यांशी खोटं बोललात, आज एकदा हिच्याशी बोला.

"पंचवीस मिनिटं," भाऊजी म्हणाले.

मला त्यांचा गळा धरावासा वाटला. ताईने त्यांना खुर्ची जवळ ओढायला सांगितली आणि डोळे मिटले. त्यांनीही मिटले. पलीकडच्या खाटेवर कुणीतरी पेला आपटला, त्याला मी ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. दहा मिनिटांनी नर्स प्रेशर घ्यायला आली. एकशे वीस. एकदम छान आहे हो, असं म्हणून तिने ते कागदावर लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेली.