ब्रोकोलीची बांधलेली पानं

आई गेल्यावर बाबांना गावात एकटं कशाला ठेवायचं, म्हणून मी त्यांना शहरात, हुडकेश्वरच्या आमच्या घरी आणलं. आणलं म्हणजे अक्षरशः भांडून आणलं. लेकीच्या घरी आयतं बसून खायचं हे त्यांना काही केल्या पटत नव्हतं. दुसरी पोळी वाढायला गेलं की ताटावर हात आडवा! मला त्या हाताचा भारी राग यायचा.

घरामागे दोन वाफ्यांपुरती जागा होती. तिथे लावायला मी ब्रोकोलीची रोपं आणून दिली. एकच मोठा गड्डा धरणारी नव्हे, पानांच्या बेचक्यांतून बारीक बारीक कोंब देत राहणारी. बाबांचा चेहराच बदलला. "आता भाजी माह्याकडून," म्हणाले आणि त्या रात्री दुसरी पोळी चक्क मागून घेतली. बाबा आता राहतील, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

रोपं मस्त वाढली. कोंब दिसायला लागले आणि एका सकाळी पाहते तर प्रत्येक झाडाची पानं वर ओढून सुतळीने बांधलेली.

"हे काहून बांधलं, बाबा?"

"उन्हानं गड्डा पिवळा पडते ना वं. फुलकोबीले बांधाच लागते."

"पण ही फुलकोबी नाही. हिचा कोंब हिरवाच पाहिजे."

"राहू दे. मले नको शिकवू."

हसत म्हणाले, म्हणून मीही हसले. जन्मभर शेती केलेल्या माणसाशी हुज्जत कोण घालणार?

मग आभाळ आलं, रिपरिप पाऊस लागला. उघडीप झाल्यावर बाबांनी सुतळ्या सोडल्या. आत पाणी कोंडून सगळे कोंब काळे पडले होते, पानांवर माव्याची कीड माजली होती. ते सुतळ्या गुंडाळत बसले. मी रामदासपेठेतल्या ऑफिसला निघून गेले. संध्याकाळी परतले तर झाडं मुळासकट उपटलेली, वाफे सारखे केलेले.

मी संतापले. "उपटली कशाला? कुजलेले शेंडे छाटले असते तर खालून पुन्हा फुटले असते ना!"

"फुटले असते?" एवढंच त्यांनी विचारलं.

मी 'हो' म्हटलं. खरं तेच होतं, पण ते सांगून मी काय मिळवलं, देव जाणे. त्याच आठवड्यात ते गावी गेले. मी अडवलं, मी रडले, काही उपयोग झाला नाही. "इथं माहं काय काम हाय वं?" म्हणाले.

परवा बाबा येऊन गेले. हातात पिशवी, पिशवीत बसस्टँडवरून विकत घेतलेली फुलकोबी. तिची भाजी टाकते, जेवून जा म्हटलं, तर म्हणाले, "चहा झाला ना." आणि परक्याच्या घरून निघावं तसे, पाणी पिऊन निघाले.