विडीचा खोकला म्हणून बसले

"स्प्युटम पॉझिटिव्ह," डॉक्टर म्हणाले. स्प्युटम म्हणजे खोकून काढलेला बेडका. पॉझिटिव्ह म्हणजे त्यात टीबीचे जंतू सापडले. बाकावर मी एकटीच होते.

भंडाऱ्यात आमच्या वस्तीत घरोघरी बायका विड्या वळतात, आणि वळणारी खोकतेच. तंबाखूची धूळ, म्हणून कोणी लक्ष देत नाही. मीही हळद-गूळ खात बसले. संध्याकाळचा ताप उन्हाचा ठरवला, वजन उतरलं ते कामाने. तुम्ही विड्या वळत असाल तर असं बसू नका. खोकला दोन-तीन आठवडे हटला नाही की बेडका तपासून घ्या.

त्याच दिवशी नवऱ्याने आमच्या लेकीला, सुमनला, साकोलीला तिच्या आत्याकडे नेऊन सोडलं आणि स्वतःचं अंथरूण पडवीत टाकलं. विड्यांच्या ठेकेदाराने मला वळायला पानं देणं बंद केलं. शेजारणी रस्त्यावरूनच तब्येत विचारत.

दवाखाना मात्र दोन गल्ल्या सोडून होता. खोली, झाडलोट, पाणी वस्तीतल्या मंडळाचं. नर्स आणि औषधं सरकारची. आठवड्यातून दोनदा सरकारी डॉक्टर येत. त्या काळच्या उपचाराप्रमाणे मला रोज स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन होतं, सोबत दीड वर्षाच्या गोळ्या. सुईने गाठी येत, कानात गुणगुण होई. गाठी माझ्या मीच शेकल्या.

पुढे खोकला थांबला, भूक लागू लागली. आता कशाला जायचं, असं मी नर्सबाईंना म्हटलं. त्या सुई उकळायला ठेवत म्हणाल्या, "बरं वाटून राह्यलं म्हंजे बरं झालं असं नाही, बाई. मधात सोडलं तं उद्या हेच औषध तुमच्यावर चालणार नाही."

मी जात राहिले. नंतरच्या तपासणीत जंतू सापडले नाहीत. डॉक्टर म्हणाले, "आता तुमच्यापासून कोणाला लागण होणार नाही. मुलीला आणा." मी साकोलीला निरोप धाडला. नणंदेचा उलटा निरोप आला, "सगळ्या गोळ्या सरू दे, मंग पाहू."

दीड वर्षाने गोळ्या सरल्या. मग सुमन आली. दारातच उभी राहून म्हणाली, "आई, आत आलं तं चालते का?"

मी तिला तशीच दवाखान्यात नेली. माझं ती ऐकणार नाही, हे दिसत होतं. डॉक्टरांनी तिला तपासलं, समोर बसवून सगळं समजावलं. परत आल्यावर ती न विचारता घरात शिरली, पण माझ्यापासून हातभर दूर बसली. मी ओढून जवळ घेतलं नाही. भात टाकला.

हा आजार एकटं पाडतो. त्याची तयारी ठेवा. मंडळाचे आणि त्या नर्सबाईंचे उपकार मी मानते, ते एवढ्यासाठी की दवाखाना इतका जवळ होता, की सोबतीला कोणी नसताना माझी मी रोज जाऊ शकले.