पडद्यावरचा नवरा

ताईंसाठी मी अकरा वर्षं संवाद लिहिले. आठवडाभर जरीपटका भागातल्या शाळेत मराठी शिकवायचं आणि शनिवारी दुपारी वही घेऊन टीव्ही केंद्रावर जायचं, असा माझा क्रम होता. वीस मिनिटांचा विनोदी कार्यक्रम असायचा. ताई त्यात भांडखोर बायको आणि भाऊ त्यांचा सोशिक नवरा. भाऊ कोराडीच्या वीज केंद्रात नोकरीला होते. पाळी संपली की राखेनं पांढरे झालेले बूट घालून तसेच स्टुडिओत यायचे. पडद्यावर ते नवरा-बायको होते, पण घरी ताई त्यांना भाऊ मानून राखी बांधायच्या. हशा सगळा ताईंच्या वाट्याला यायचा. भाऊ नुसते त्यांच्याकडे बघत राहायचे आणि मधूनच एखादा शब्द टाकायचे.

ताई कोष्ट्यांच्या घरातल्या. "आमच्या घरी चार माग चालत. दोन ठोक्यांच्या मधात बोललं तरच मायले ऐकू जाये," असं त्या सांगत. विनोदात कुठे थांबायचं हे त्यांना कोणाला शिकवावं लागलं नाही, ते यामुळेच.

कार्यक्रम बंद पडल्यावर ताई मुंबईच्या मालिकांत गेल्या. तिथे त्यांना रडक्या सासूची, मोलकरणीची, दारातून निरोप देणाऱ्या शेजारणीची कामं मिळाली. सात वर्षांनी परत आल्या तेव्हा मला म्हणाल्या, "तिथं मले कोणी हसवूच देत नाही वं."

मागच्या वर्षी त्यांना एक फोन आला. शहराबाहेर मिहानकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका गोदामाचा स्टुडिओ करून काही मंडळी मोबाइलवर बघायचे विनोदी भाग बनवत होती. दिग्दर्शक तिशीतला, बोलायला नम्र. त्याला ताई हव्या होत्या, पण नवऱ्याच्या भूमिकेसाठी त्याच्या मनात चाळिशीतला एक चलतीचा नट होता. केस पांढरे करू म्हणाला.

"नवरा माहा हाय माह्याकडे," ताई म्हणाल्या. "तो कोराडीले राहते."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बसनं कोराडीला गेलो. भाऊंच्या मुलाला तिथंच नोकरी लागली होती, म्हणून निवृत्तीनंतरही ते कॉलनीतच राहत होते. दार त्यांनीच उघडलं, पण आम्ही बराच वेळ बेल वाजवत होतो हे त्यांना कळलंच नव्हतं. टर्बाइनच्या आवाजात तीस वर्षं काढून त्यांचे कान गेले होते. कानाचं यंत्र होतं, पण ते शिट्टी मारायचं म्हणून डबीत ठेवलेलं.

ताईंनी मोठ्यानं सगळं सांगितलं. भाऊ हात जोडून म्हणाले, "मले नोको ओढू. तू बोलून राहिली का थांबली हेच मले समजत नाही. तुह्या विनोदाची माती होईन."

"तुले ऐकायचं काय काम? माह्या तोंडाकडं पाह्य. मी पदर सावरला का बोल."

पंधरा दिवस आम्ही दुपारी कोराडीला जात होतो. घरात जमलं. पण स्टुडिओत दिव्यांचा प्रकाश डोळ्यांवर आला आणि भाऊंना पदर दिसेना. पाच वेळा ते चुकले. दिग्दर्शक मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, दोघांचे शॉट वेगवेगळे घेऊ का? नंतर जोडता येतं."

मला सुचलं ते मी बोलून गेले. "नवरा बहिराच दाखवला तर?"

ताई ताडकन उठल्या. "त्याच्या कानावर लोकाईले हसवायचं? तू हे बोलून राहिली? तू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाऊंना काहीच ऐकू आलं नव्हतं. त्यांनी माझ्या हातातली वही मागितली. मी काय म्हणाले ते लिहून दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"काहून नाही?" ते म्हणाले. "घरी तर रोज तेच होऊन राहिलं. सून मीठ मागते, मी छत्री देतो."

जेवणाच्या सुट्टीत मी प्रसंग पुन्हा लिहिला. ताई रुसलेल्याच होत्या, तरी उभ्या राहिल्या. त्या घसा फोडून भांडत होत्या आणि भाऊ अतिशय समजूतदार चेहऱ्यानं भलत्याच प्रश्नांची उत्तरं देत होते. कॅमेरावाला तोंडावर रुमाल धरून हसत होता. दिग्दर्शकाला 'कट' म्हणता येईना.

परतताना रिक्षात अजनी आल्यावर ताई म्हणाल्या, "आज सगळा हशा त्यानं नेला." मग उतरताना, "खरं सांगू? मले आवडलं नाही." आणि स्वतःच्याच बोलण्याचं त्यांना हसू आलं.

असे नऊ भाग झाले. पुढे ताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि ते काम थांबलं. भाऊंना मात्र दुसरीकडून बोलावणं आलं. त्यांनी ताईंना विचारल्याशिवाय हो म्हटलं नाही. भेटायला आले, वही पुढे केली. ताईंनी लिहिलं, 'जाय. पण तिथली बायको माह्यापेक्षा चांगली निघाली तर मले सांगजो नोको.'

भाऊ हसत हसत जिना उतरले. ताई त्या दिवशी जेवल्या नाहीत हे मला त्यांच्या मुलीनं सांगितलं. पण सकाळी त्यांचाच फोन आला. "माह्यासाठी एक लिही वं. बसूनच करता येईन असं. आन् बोलणं कमी ठेव. मी गप्प बसली तरी लोकं हसतात का, ते मले पाहायचं हाय."