उंबऱ्यापुढची रिकामी जागा

आज सकाळी आमच्या कॅम्पातल्या जुन्या इमारतीच्या जिन्यात हेरिटेज वॉकवाले भेटले. गाइड त्यांना नक्षीचा कठडा दाखवत होता. मधेच दबक्या आवाजात म्हणाला, "हळू बोला, इथे अजून लोक राहतात." त्या लोकांपैकी मी एक, दुधाची पिशवी घेऊन वर चाललो होतो.

पहिल्या मजल्यावर खुर्शेद आंटींचं दार लागतं. पारशी रिवाजाप्रमाणे त्या रोज सकाळी भोकं पाडलेल्या पत्र्याच्या डबीतून उंबऱ्यापुढे पांढऱ्या भुकटीचे मासे उठवायच्या. पॅसेज अरुंद, त्यामुळे वर राहणाऱ्या आम्हा सगळ्यांना ते मासे ओलांडूनच जावं लागे. "माझा मासा तुडवू नको हां, डिकरा," असं त्या आतूनच ओरडायच्या.

आंटी गेल्या त्याला बरेच महिने झाले. दाराला कुलूप आहे. वाईट वाटतंय का, हे मी अधूनमधून स्वतःला विचारून बघतो. काहीच वाटत नाही. दात काढून आल्यावर आपलाच गाल आपला वाटत नाही, तसं काहीसं.

पण त्या दारापाशी आलो की पाय उचलला जातो. आजही गेला. समोरून उतरणाऱ्या, वरच्याच मजल्यावरच्या सलीमभाईंचाही गेला. आम्ही एकमेकांचे पाय पाहिले.

मागून येणाऱ्या वॉकवाल्यांतल्या एका मुलीने विचारलं, "काका, इथे काय आहे?"

"काही नाही."

तिने कोऱ्या फरशीकडे नीट पाहिलं आणि पाय उचलून पलीकडे टाकला. तिच्यामागून सगळे तसेच आले.