काट्यावर तोललेला कॉम्प्युटर

सौदीतल्या थुवालच्या आमच्या कॅम्पसमध्ये एसी दुरुस्त करणारे रत्नागिरीचे एक गृहस्थ आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. कुठलाही विषय ते ‘खलास!’ म्हणून संपवतात. खिशात कायम बॅगा जोखायचा हुकाचा काटा. सुट्टीवर निघालेल्या कुणाचीही बॅग दिसली, की न विचारता उचलून जोखणार.

यंदा त्यांच्या मुलीने कॉम्प्युटर मागितला. ती लग्नांचे व्हिडिओ एडिट करते आणि उरलेल्या वेळात गेम खेळते. पार्ट अब्बांनी सुट्टीला गावी न्यायचे, जोडणार ती. मदतीला म्हणून मी जेद्दाच्या दुकानात सोबत गेलो. मी प्रोसेसरचा वेग समजावत होतो आणि चाचा एकेक खोका पिशवीत घालून काट्याला लटकवत होते.

“रॅम झकास आहे, भाऊ. अत्तराच्या बाटलीपेक्षा हलकी!”

दुकानदार हसायला लागला. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

अब्बांच्या बॅगेचा विचार करून मुलीने पार्ट बसवायला साधं, हलकं कॅबिनेट सांगितलं होतं. चाचांची नजर मात्र काचेच्या, आत रंगीत दिवे फिरणाऱ्या भल्याथोरल्या कॅबिनेटवर खिळली. या वेळी काटा खिशातून निघालाच नाही.

“यही दे दो,” ते दुकानदाराला म्हणाले.

“चाचा, मग सासरवाडीला न्यायची ब्लँकेटं कुठे मावणार?” मी विचारलं. दर सुट्टीला ती जाडजूड ब्लँकेटं नेल्याशिवाय त्यांची सुटका नसे.

खोका छातीशी धरत चाचा म्हणाले, “इतकी वर्षं नेली, भाऊ. पण कोकणात थंडीच पडत नाही, हे आज ध्यानात आलं. खलास!”